सर्राचा रक्ततपास: ‘जंतू आढळले नाहीत’ या शेऱ्यावर किती विसंबावे

आफ्रिकेत माणसांना निद्रारोग जडवणाऱ्या जंतूचा जवळचा नातलग, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, आपल्याकडे टॅबॅनस या रक्त पिणाऱ्या माश्यांच्या चाव्यातून घोडे, उंट, कुत्रे आणि गाई-म्हशींमध्ये सर्रा हा रोग पसरवतो. रक्तात हा जंतू दिसला तर निदान बहुतांशी पक्के होते; अडचण येते ती न दिसल्यावर. जंतू आपल्या आवरणातील प्रथिन वारंवार बदलत असल्यामुळे रक्तातील त्याची संख्या लाटेसारखी चढते-उतरते, आणि दुखणे दबलेल्या म्हशीत ती अनेक दिवस नगण्य असू शकते.

म्हणून रक्त शक्यतो ताप चढलेला असताना आणि औषध टोचण्यापूर्वी घ्यावे. कानाच्या शिरेतील ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तांबड्या पेशींना ढुशा देत वळवळणारा जंतू ओळखता येतो. मात्र मिलिलिटरमागे सुमारे १ लाख जंतू असल्याखेरीज या पद्धतीत तो सहसा हाती लागत नाही. त्याच रक्ताचा पातळ लेप वाळवून जिम्सा या रंगद्रव्याने रंगवावा, कारण गाईंच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा थायलेरी हा आकाराने मोठा आणि बहुधा निरुपद्रवी जंतूही असतो आणि नुसत्या वळवळीवरून घाईने सर्रा ठरवण्याची चूक होते.

याहून भरवशाची पद्धत म्हणजे केशनलिकेत रक्त भरून ते मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या वेगाने ५ मिनिटे फिरवणे आणि पांढऱ्या पेशींचा थर व रक्तद्रव यांच्या सीमेवर जंतू शोधणे. हा शोध जिवंत जंतूच्या हालचालीवर अवलंबून असतो. त्यामुळे ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतील नमुना थंड ठेवावा, उन्हात मोटारसायकलच्या डिकीत मुळीच नेऊ नये, आणि काही तासांच्या आत तपासावा. विलंब अटळ असल्यास नमुना पीसीआरसाठी, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी, पाठवावा. तिथे जंतू जिवंत असण्याची गरज नसते, पण तपासलेल्या थोड्याशा रक्तात तो आलाच नसेल तर पीसीआरही रितेच परतते. लक्षणे कायम असतील तर काही दिवसांच्या अंतराने पुन्हा रक्त घ्यावे.

प्रतिपिंडांची, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, चाचणी नेमकी उलट बाजूने फसवते. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच जंतू सापडल्यावर परिसरातील १,८०६ जणांची सीएटीटी ही प्रतिपिंडे शोधणारी कार्डावरील चाचणी झाली. अनेकांचा निकाल होकारार्थी आला, तरी ज्यांच्यात प्रतिपिंडे जास्त आढळली त्यांच्या रक्तात जंतू मिळाला नाही. जनावरांतही होकारार्थी निकालाचा अर्थ ‘कधीतरी संपर्क आला’ एवढाच घ्यावा. कळपात रोग फिरतो आहे का, हे जोखायला ही चाचणी उत्तम आहे. पण जनावर बरे झाल्यावरही प्रतिपिंडे काही महिने टिकत असल्याने, केवळ तिच्यावरून उपचार फसला असे समजून दुसरी मात्रा देऊ नये.