दुनाळीत ॲडॉप्टर वापरताना: आधी नळी मोजा, मग काडतूस निवडा

इंदुरात होळकरांच्या काळापासून राहणाऱ्या अनेक मराठी घरांत आजोबा-पणजोबांकडून आलेली बारा बोअरची एखादी दुनाळी परवान्यासह अजून जपलेली आढळते. आमच्याही घरी ती आहे. अशा बंदुकीत वीस किंवा अठ्ठावीस बोअरचे लहान काडतूस वापरता यावे, म्हणजे खांद्याला धक्का कमी बसेल आणि घरातील नव्या नेमबाजाला मातीच्या तबकड्यांवर सराव करणे सोपे जाईल, या इच्छेने लोक ॲडॉप्टरची, म्हणजे बंदुकीच्या नळीत बसवायच्या लहान मापाच्या नळीची, चौकशी करतात. इच्छा रास्त आहे. मात्र ॲडॉप्टरमुळे फक्त काडतूस बसण्याची जागा लहान होते, बंदुकीचे वय आणि तिची सहनशक्ती बदलत नाही. म्हणून काम बंदुकीपासूनच सुरू करावे.

आधी बोअरचा अर्थ नीट समजून घ्यावा. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांपैकी एका गोळीचा जो व्यास होईल तो बारा बोअरच्या नळीचा व्यास, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या की १५.६ मिलिमीटर आणि अठ्ठावीस केल्या की सुमारे १४ मिलिमीटर व्यास येतो. आकडा वाढला की नळी अरुंद होते ती यामुळे. चारशे दहा हे माप मात्र गोळ्यांच्या संख्येवरून आलेले नाही. तो इंचाच्या हजारांशांत सांगितलेला व्यास आहे आणि तो सुमारे १०.४ मिलिमीटर भरतो. ॲडॉप्टर नेहमी मोठ्या नळीत लहान काडतूस वापरण्यासाठीच असतो. वीस बोअरच्या बंदुकीत बारा बोअरचे काडतूस चालवण्याचा कोणताही मार्ग नाही.

आता बंदूक तपासण्याकडे वळू. ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवूनच पुढचे काम करावे. नळ्या बंदुकीपासून वेगळ्या करून त्यांच्या खालच्या सपाट बाजूवरील खुणा भिंगातून वाचाव्यात. इंग्लंडमध्ये बनलेल्या बंदुकीवर लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के असतात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ साली स्थापन झाले. 'नायट्रो प्रूफ' अशी खूण असेल तर नळी धूरविरहित दारूच्या दाबासाठी तपासलेली आहे, असे समजावे. अशी खूण नसलेली, किंवा लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, अंगावर वेलबुट्टीसारखी नक्षी दिसणारी दमास्कस नळी असेल, तर त्या बंदुकीसाठी ॲडॉप्टरचा विचार सोडून द्यावा आणि ती आठवण म्हणून जपावी. हे वाचून कोणाला वाईट वाटेल हे मी जाणतो, पण याबाबत तडजोड करू नये.

चेंबरची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याच्या जागेची, लांबी हा त्यापुढचा प्रश्न आहे. जुन्या इंग्रजी बंदुकांचे चेंबर बहुधा ६५ मिलिमीटरचे असते, तर नव्या बंदुकांत ७० किंवा ७६ मिलिमीटरचे असते. यात फसगत अशी होते की काडतुसावर छापलेली लांबी ही ते झडल्यानंतरची, तोंडाची घडी उलगडल्यावरची असते. त्यामुळे ७० मिलिमीटरचे न झडलेले काडतूस ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये सहज बसते, बंदूक बंदही होते. पण बार होताना उलगडणारे तोंड पुढच्या निमुळत्या भागात शिरते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. आमच्या दुनाळीचे चेंबर ६५ मिलिमीटरचे आहे, हे एका अनुभवी बंदूकदुरुस्ती कारागिराने मापून सांगेपर्यंत आम्हाला कळलेच नव्हते, आणि 'बसते म्हणजे चालते' याच समजुतीवर आमच्या घरात कित्येक वर्षे गेली. हे माप परवानाधारक कारागिराकडून मापकाने घ्यावे, अंदाजाने ठरवू नये.

ॲडॉप्टर दोन प्रकारचे असतात. पहिला आखूड, चेंबरपुरता. दुसरा पूर्ण नळीच्या लांबीचा, म्हणजे जणू नळीतली नळीच. आखूड ॲडॉप्टर स्वस्त आणि हलका असतो, पण त्यातून सुटलेला वीस बोअरचा डट्टा (काडतुसातील दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) लगेच १८.५ मिलिमीटरच्या रुंद नळीत येतो. त्याच्या कडेने वायू निसटतो, वेग घटतो आणि छर्रे अधिक पसरतात. पूर्ण लांबीच्या ॲडॉप्टरमध्ये छर्रे शेवटपर्यंत त्यांच्याच मापाच्या नळीतून जातात, पसार नियमित राहतो आणि वाढलेल्या वजनामुळे धक्काही कमी होतो. अमेरिकन पद्धतीच्या स्कीटमध्ये (उडत्या तबकड्यांवरील नेमबाजीचा एक प्रकार) बारा, वीस, अठ्ठावीस आणि चारशे दहा अशा चार मापांत स्पर्धा होतात. तेथे एकाच बंदुकीवर हात बसलेले नेमबाज अशाच लांब नळ्या वापरतात. ऑलिंपिकच्या ट्रॅप (तबकड्यांचाच दुसरा प्रकार) आणि स्कीटमध्ये बारा बोअर हे कमाल माप आहे आणि नेमबाज सहसा तेच वापरतात, त्यामुळे त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी ॲडॉप्टरवर खर्च करण्यापेक्षा २४ ग्रॅम छर्ऱ्यांची हलकी बारा बोअरची काडतुसे वापरणे मला अधिक योग्य वाटते.

येथे एक चुकीची समजूत दूर केली पाहिजे. काडतूस लहान म्हणजे दाब कमी, असे नसते. अमेरिकन मानकांनुसार ७० मिलिमीटरच्या बारा बोअर काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचास ११,५०० पौंड आहे, वीस बोअरचा १२,०००, आणि अठ्ठावीस बोअरचा १२,५००. म्हणून निर्मात्याने ज्या काडतुसासाठी ॲडॉप्टर बनवला आहे, तेच काडतूस त्यात घालावे. आपल्याकडच्या कोणा लेथवाल्याकडून पितळेचा तुकडा कातून घेण्याचा विचारही करू नये. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्राचे रूपांतर करण्याच्या कामालाच परवाना लागतो. रायफल किंवा पिस्तुलाची काडतुसे झाडणारे ॲडॉप्टर या लेखाच्या कक्षेबाहेर आहेत आणि आपल्या परवान्याच्याही.

परवान्याचा मुद्दा टाळता येणार नाही. काडतुसे परवान्यात नमूद असलेल्या वर्णनाची आणि संख्येचीच बाळगता येतात. बारा बोअरच्या परवान्यावर वीस बोअरची काडतुसे हवी असतील, तर खरेदीपूर्वी जिल्हा दंडाधिकारी कार्यालयातील शस्त्र शाखेत लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे.

परवानगी हाती आल्यावर बसवण्याचे काम हाती घ्यावे. चेंबर कोरडे आणि स्वच्छ पुसून ॲडॉप्टर बोटांच्या दाबाने आत सरकवावा. हातोडीची गरज भासली तर माप चुकले आहे. त्याची कड नळीच्या खाचेत पूर्ण टेकली पाहिजे. ती वर राहिली तर बंदूक बंद होणार नाही, फार खोल गेली तर बंदुकीची पिन काडतुसाच्या बुडातील स्फोटक टोपीवर नीट आदळणार नाही. प्रथम सरावाचे नकली काडतूस घालून बंदूक उघडून-मिटून पाहावी. पंप किंवा अर्धस्वयंचलित बंदुकीत हे साधन वापरू नये; ते दुनाळीसारख्या मधून मोडून उघडणाऱ्या बंदुकीसाठीच आहे.

सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करावा. भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत शॉटगनसाठी मैदाने आहेत. तेथेही एक धोका लक्षात ठेवावा, आणि तोच मला सर्वांत मोठा वाटतो. ॲडॉप्टर काढलेल्या बारा बोअरच्या नळीत चुकून वीस बोअरचे काडतूस पडले, तर ते चेंबरमधून पुढे घसरून निमुळत्या भागात अडकते. नळी मागून रिकामी दिसते, मागे बारा बोअरचे काडतूस सहज बसते, आणि बार होताच नळी डाव्या हाताजवळ फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळी ठेवण्याची रीत याचसाठी आहे. तरीही रंगावर विसंबू नये. एका सत्रात, एका खिशात, एका पिशवीत एकाच बोअरची काडतुसे असावीत. बाराचे काडतूस भरण्यापूर्वी दर वेळी नळीतून आरपार उजेड पाहावा. बार फुसका वाटला तरीही हेच करावे, कारण डट्टा नळीत अडकलेला असू शकतो. काडतूस झडलेच नाही तर नळी लक्ष्याच्या दिशेने तशीच धरून ३० सेकंद थांबावे आणि मगच बंदूक उघडावी.

सत्र संपले की नळी थोडी निवल्यावर ॲडॉप्टर काढून दोन्हीकडील काजळी आणि प्लास्टिकचा थर ब्रशने काढावा आणि तेलाचा पातळ हात फिरवावा. ॲडॉप्टर बंदुकीत ठेवून देऊ नये. पावसाळ्यात दोन धातूंमधल्या फटीत ओल धरते आणि गंज आतून चढतो. निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करावी लागली, तर ती ॲडॉप्टर काढूनच द्यावी, आणि परत आल्यावर पहिले काडतूस भरण्याआधी दोन्ही नळ्यांतून उजेड पाहावा.