काचेच्या कडेची कुरकुर: आधी जागा शोधा, मग हात लावा

पुढच्या काचेजवळ कुरकुर सुरू झाली की बरेच जण सरळ रबरावर तेल सोडतात. इंजिन ऑइल, डिझेल, साधं ग्रीस, हाताला येईल ते. चार दिवस गाडी गप्प बसते, पण त्या तेलानं रबर फुगतं, सैल पडतं आणि वर धूळ धरून ठेवतं. शिवाय निम्म्या वेळा आवाज रबराचा नसतोच.

मी साताऱ्यात टुरिस्ट गाडी चालवतो. कास, बामणोली, ठोसेघर ही रोजची वाट. यवतेश्वरचा घाट चढताना प्रत्येक वळणाला गाडीचा सांगाडा किंचित पिळतो, काच मात्र पिळत नाही. मधली रबरी पट्टी, म्हणजे बिडिंग, कोरडी असली किंवा खाली जांभ्याची तांबडी धूळ बसली असली की ती काचेला धरते, सुटते, परत धरते. आवाज येतो तो त्याचा. म्हणूनच पावसाळ्यात गाडी शांत असते आणि दिवाळीनंतर बोलायला लागते. थंडीत सकाळी जास्त, उन्हं तापली की कमी.

आवाज शोधायला दोन माणसं लागतात. माझा भाचा गाडी चालवतो, मी डावीकडे बसतो. गाणी बंद, एसीचा पंखा बंद, काचा वर. मोकळ्या रस्त्यावरचा एखादा स्पीडब्रेकर धरायचा आणि अगदी हळू, तिरकी गाडी घालायची, म्हणजे एकेक चाक चढेल. तेवढ्यात मी डॅशबोर्डची काचेकडची कड दाबतो, मग पिलरचं, म्हणजे काचेच्या बाजूच्या खांबाचं प्लॅस्टिक, मग आरशाचा पाया. ‘मामा, आता थांबला बघा’ असं तो म्हणाला की बोट आहे तिथंच ठेवायचं. नुसत्या कानावर जाऊ नका. काचेतून आवाज फिरतो, उजव्या कोपऱ्यातला डावीकडे ऐकू येतो.

आत दाबून काहीच फरक पडला नाही, तर बाहेर या. तांब्याभर पाणी बिडिंगवर सोडा आणि त्याच स्पीडब्रेकरवरून परत जा. ओलं असेपर्यंत शांत आणि वाळल्यावर परत कुरकुर, म्हणजे दोष रबराचाच. नेमकी बाजू कळायला पट्टी कोरडी करून काच आणि पत्रा दोन्हीवर येईल अशी मास्किंग टेप चारी बाजूंनी लावा, नंतर एकेक बाजू काढत जा. जी काढल्यावर आवाज आला, ती बाजू.

आता काम. जुना टूथब्रश आणि शाम्पूचं पाणी घेऊन पट्टीची कड घासा. बाद झालेल्या एटीएम कार्डानं पट्टीचा ओठ, म्हणजे काचेवर टेकलेली कड, जरासा उचला आणि खालची माती धुऊन काढा. आमच्याकडच्या गाड्यांतून निघणारं पाणी चहासारखं लाल असतं! पट्टी पूर्ण वाळू द्या, घाई केलीत तर ग्रीस पाण्यावरच बसेल. मग कार्डाला पातळ फडकं गुंडाळून त्यावर थोडंसं सिलिकॉन ग्रीस घ्या आणि ओठाच्या आतून फिरवा. दुकानात सिलिकॉन सीलंटची ट्यूब हातात देतील, ती नको; ती चिकटवायची वस्तू आहे. स्प्रेच मिळाला तर फडक्यावर मारा, काचेवर नाही. काचेवर थेंब राहिला तर वायपर तो पसरवतो आणि रात्री समोरच्या दिव्यांत काही दिसत नाही. ओम्नीसारख्या जुन्या गाड्यांत अख्खी काच रबरातच बसलेली असते. ते रबर कडक होऊन तडकलं असेल तर ग्रीस घालत बसू नका, रबर बदला.

वायपरखालची जाळी हलत असेल तर क्लिपा नव्या घ्या. तिथला पालापाचोळाही काढा, त्यानं पाण्याची वाट तुंबते. डॅशबोर्ड काचेला घासत असेल तर फटीत फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरी कापडाची, पातळ पट्टी सरकवा. पिलरच्या प्लॅस्टिकवर एअरबॅग असं लिहिलं असेल तर ते उपसू नका, ते काम वर्कशॉपचं.

काच नुकतीच बदलली असेल आणि आवाज त्यानंतरचा असेल, किंवा पावसात पाणी आत येत असेल, तर वरचं काहीच करू नका. आजच्या गाड्यांत काच पीयू नावाच्या चिकट मसाल्यानं पत्र्याला धरलेली असते. तो कुठं तुटक पडला असेल तर काच सुटी हलते, आत पाणी मुरून पत्रा गंजतो. बऱ्याच गाड्यांत डावीकडची एअरबॅग उघडताना याच काचेचा आधार घेते. अशा ठिकाणी सिलिकॉन लागलं तर नवा मसाला नीट धरत नाही, म्हणून ग्रीसची डबी बंदच ठेवा. पाणी कुठून येतं ते बघायचं तर एकानं आत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपाची बारीक धार खालच्या कडेपासून हळूहळू वर न्यावी. ओलावा दिसला ती जागा आतून खडूनं खुणावून ठेवा आणि गाडी काच बसवणाऱ्याकडे न्या.