जुने डॉस गेम: आवाज आणि मेमरी सेट करायची कशी

विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टिमवरचा जुना गेम चालू होतो, चित्र येतं, पण आवाज नाही. किंवा त्याच्याही आधी मेमरी कमी पडते म्हणून काळ्या स्क्रीनवर परत आणून सोडतो. लोक इथेच कंटाळून गेम डिलीट करतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण गेममध्ये खराबी काहीच नसते, फक्त गेमला आणि मशीनला एकच नंबर सांगायचा राहिलेला असतो. आपल्या इंदूरात रामबाग, लोकमान्य नगरकडच्या कितीतरी घरांत माळ्यावर ४८६ नाहीतर पेंटियम अजून पडलेला असेल, आणि ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्यासाठी डॉसबॉक्स, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुना डॉस पीसी उभा करणारा प्रोग्राम, आहे, तर दोन्हीचं सांगतो. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

आधी मेमरी, मग आवाज. हा क्रम सोडू नका, कारण साउंडचा ड्रायव्हर पण मेमरीतच जाऊन बसतो.

डॉसची अडचण अशी आहे की पहिल्या पीसीचा प्रोसेसर १ एमबीच्या पलीकडे बघूच शकत नव्हता, त्यातले वरचे ३८४ केबी व्हिडिओ आणि बायोससाठी राखून ठेवले आणि प्रोग्रामच्या वाट्याला आले ६४० केबी. नंतर मशीनमध्ये ८ एमबी टाका की ३२ टाका, बहुतेक जुने गेम आधी या ६४० मध्येच जागा मागतात. डॉस स्वतः, माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर, डिस्कचा वेग वाढवणारा स्मार्टड्राइव्ह, सगळे तिथेच येऊन बसतात आणि मग ५८० केबी मागणाऱ्या गेमला ५२० मिळतात की तो बसला रुसून. म्हणून सगळ्यात आधी मेम स्लॅश सी अशी कमांड द्या, कोण किती जागा खाऊन राहिला आहे ते समोर दिसतं. ६०० केबीच्या वर मोकळे दिसले तर समजा काम झालं.

नसेल तर कॉन्फिग डॉट सिस, म्हणजे डॉस सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल, उघडा आणि सुरुवातीला या ओळी ठेवा:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी

हायमेम १ एमबीच्या वरची मेमरी उघडून देतो, तिला एक्सएमएस म्हणतात. ईएमएम३८६ त्या ३८४ केबीतले मोकळे तुकडे वापरायला देतो, त्यांना यूएमबी म्हणतात. तिसऱ्या ओळीमुळे डॉसचा मोठा भाग ६४० च्या बाहेर जातो. मग खालच्या ड्रायव्हरांच्या ओळीत डिव्हाइसच्या जागी डिव्हाइसहाय लिहा आणि ऑटोएक्झेक डॉट बॅटमध्ये (सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कमांडची फाइल) माउस वगैरेच्या आधी एलएच लावा, म्हणजे ते पण वर सरकतात. नोईएमएस म्हणजे ईएमएस नको; ईएमएस ही खिडकीतून थोडी थोडी दिसणारी जास्तीची मेमरी. काही गेमना, विशेषतः १९९० च्या आसपासच्या, ईएमएसच पाहिजे असते, तेव्हा नोईएमएसच्या जागी रॅम लिहायचं, पण मग ६४ केबीची एक खिडकी त्याला द्यावी लागते आणि वर ड्रायव्हर ठेवायला तेवढी जागा कमी होते. म्हणून गरज नसताना ईएमएस चालू ठेवू नका असं माझं मत आहे. आणि काही गेमना ईएमएम३८६ अजिबातच चालत नाही, १९९२ चा अल्टिमा ७ त्यातलाच. अशा वेळी मशीन चालू होताना एफ८ दाबा, डॉस ६ असेल तर एकेक ओळ विचारून लोड करतो, त्या ओळीला नाही म्हणा. मेममेकर नावाचा प्रोग्राम डॉस ६ मध्ये हे सगळं आपोआप करतो, वाईट नाही, पण हाताने केलं की काय कुठे बसलंय ते कळतं आणि पुढे अडलं तर सोडवता येतं.

डूमसारखे गेम वेगळे. ते डॉस फोर जी डब्ल्यू या मेमरी सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर चालतात, प्रोटेक्टेड मोडमध्ये जातात आणि १ एमबीच्या वरची मेमरी सरळ वापरतात. त्यांना एकूण रॅम पुरेशी लागते, डूमला कमीत कमी ४ एमबी.

डॉसबॉक्समध्ये यातलं बहुतेक काही करायचं नाही, एक्सएमएस, ईएमएस, यूएमबी तिन्ही आधीच चालू असतात आणि मेमसाइज, म्हणजे रॅम, १६ एमबी असते, ती तशीच राहू द्या. जास्त रॅम दिली की गेम जास्त चांगला चालेल असं काही नसतं, उलट काही जुने गेम जास्त मेमरी बघून गडबडतात. एक एरर मात्र लक्षात ठेवा, पॅक्ड फाइल इज करप्ट. फाइल खराब नसते, पहिल्या ६४ केबीमध्ये लोड झाल्यामुळे प्रोग्राम नीट उलगडत नाही. गेमच्या नावाच्या आधी लोडफिक्स लिहा, बस.

आता आवाज, आणि इथे थोडं सावकाश वाचा.

त्या काळी विंडोजसारखं नव्हतं, प्रत्येक गेम साउंड कार्डशी स्वतः बोलायचा, म्हणून प्रत्येक गेमला वेगळं सांगावं लागतं. सांगायच्या गोष्टी तीन: पत्ता (कार्ड कुठल्या पोर्टवर आहे), आयआरक्यू (कार्डने प्रोसेसरला हाक मारायची लाइन) आणि डीएमए (मेमरीतून आवाज सरळ कार्डकडे न्यायची वाट). साउंड ब्लास्टरचा पत्ता बहुतेक २२०, डीएमए १, आणि आयआरक्यू ५ किंवा ७, सगळा घोळ याच ५ आणि ७ मध्ये. जुनी साउंड ब्लास्टर कार्डं ७ वर यायची, साउंड ब्लास्टर १६ बहुतेक ५ वर, आणि डॉसबॉक्स स्वतः ७ धरून चालतो. गेमच्या सेटअपमध्ये ५ राहिला की आवाज गेला. कार्डने आवाजाचा तुकडा वाजवून संपवला की ते आयआरक्यूवर हाक मारतं, पुढचा द्या म्हणून, आणि गेम दुसऱ्याच दाराशी कान लावून बसलेला असेल तर ती हाक कोणाला ऐकूच येत नाही.

म्हणून लक्षणं बघा. संगीत वाजतंय पण गोळीचा, बोलण्याचा आवाज नाही, किंवा पहिलाच अर्धा सेकंद परत परत वाजतोय, तर आयआरक्यू नाहीतर डीएमए चुकला आहे. संगीत का वाजतं? कारण अ‍ॅडलिबचं एफएम संगीत (कार्डवरची चिप स्वतः बनवते ते) ३८८ या पोर्टवरून चालतं, त्याला आयआरक्यू पण नको, डीएमए पण नको. ही एक गोष्ट कळली की अर्धा शोध वाचतो. कार्डच सापडत नाही म्हणाला तर पत्ता बघा.

खऱ्या मशीनवर ऑटोएक्झेकमध्ये ही ओळ हवी:

सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६

ए पत्ता, आय आयआरक्यू, डी आठ बिटांचा डीएमए, एच सोळा बिटांचा, पी मिडीचा (वाद्यांना सूर सांगायच्या पद्धतीचा) पोर्ट, टी कार्डचा प्रकार, ६ म्हणजे साउंड ब्लास्टर १६. ही ओळ कार्डचं सेटिंग बदलत नाही, फक्त गेमला माहिती देते, तेव्हा कार्डवरच्या जंपरशी (नंबर ठरवणाऱ्या छोट्या पिनांशी) जुळवूनच लिहा. ७ वर प्रिंटरचा पोर्टही असतो, प्रिंटर जोडलेला असेल तर ५ बरा. कार्ड घ्यायचं असेल तर सिल्वर मॉल किंवा जेल रोडला नुसतं साउंड कार्ड मागू नका, आयएसए या जुन्या स्लॉटवालं म्हणा. नंतरच्या पीसीआय स्लॉटवाल्यांना डॉसमध्ये वेगळा ड्रायव्हर लागतो, तो मेमरी खातो आणि तरी काही गेममध्ये गप्पच बसतो.

मग गेमच्या फोल्डरमधली सेटअप नाहीतर इन्स्टॉल नावाची फाइल चालवा, साउंड ब्लास्टर निवडा, तेच नंबर द्या, सेव्ह करा. संगीतासाठी जनरल मिडी निवडलं तर पोर्ट ३३०, आणि वाद्यं खूप खुलतात. डॉसबॉक्स विंडोजवर असेल तर ते विंडोजच्याच सिंथवर वाजतं. रोलँड एमटी-३२ (वेगळं जुनं मिडी यंत्र) मात्र तसंच निवडू नका, त्याची वाद्यांची यादी वेगळी असते, बासरीच्या जागी भलतंच काही वाजेल. डेंजरस डेव्हसारख्या गेमसाठी यातलं काहीच नको, तो पीसी स्पीकरवरच टिकटिकतो.

डॉसबॉक्समध्ये आवाज येतो पण फाटतो? बहुतेकदा सायकल्स (डॉसबॉक्समधल्या प्रोसेसरचा वेग) जास्त झाल्या आहेत, आजच्या कॉम्प्युटरला तेवढं झेपत नाही आणि पहिला मार आवाजाला बसतो. कंट्रोल एफ११ दाबत कमी करा, एफ१२ ने वाढतात. तरी फाटला तर डॉसबॉक्सच्या कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये मिक्सरखाली प्रीबफर वाढवून ४० करून बघा. जुना गेम रनटाइम एरर २०० देत असेल तर तोही वेगाचाच प्रश्न, सायकल्स कमी करूनच सुटतो.

सीडीवाल्या गेमचं एक राहिलं. नुसतं फोल्डर कॉपी केलं तर गेम चालेल पण संगीत गायब, कारण गाणी सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असतात, फाइल म्हणून नाही. सीडीची बिन आणि क्यू इमेज, म्हणजे पूर्ण सीडीची नक्कल, बनवा आणि इमेजमाउंट डी, मग क्यू फाइलचं नाव, मग डॅश टी आयएसओ असं द्या, कमांडचं स्पेलिंग आय एम जी माउंट आहे. क्यूच द्यायची, बिन नाही, ट्रॅक कुठे सुरू होतो ते क्यूमध्येच लिहिलेलं असतं. आणि प्रत्येक गेमची कॉन्फ फाइल वेगळी ठेवा, त्याच्याच फोल्डरमध्ये, नाहीतर एका गेमसाठी बदललेला आयआरक्यू दुसऱ्याचा आवाज बंद करतो.