पाणी झिडकारणारी वाळू: पाणी कधी शिरतं आणि किती वाहतं, ते मोजा

मेण, सिलेन (सिलिकॉन असलेलं एक रसायन) किंवा स्टिअरिक आम्ल लावलेली वाळू ‘पाणी अडवते’ असं सरसकट म्हटलं की मला खटकतं. पाणी आत शिरायला किती दाब लागतो आणि शिरल्यावर ते किती वाहतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मी दोन्ही वेगवेगळ्या मोजते.

धुतलेली, कोरडी, एकसारखी चाळलेली वाळू घ्या आणि निम्मी तशीच बाजूला ठेवा. उरलेली ओव्हनमध्ये ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून किलोमागे ५ ग्रॅम स्टिअरिक आम्ल घाला. ते ७० अंशांच्या आसपास वितळतं. वाळू निवेपर्यंत ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या होतात. क्लोरोसिलेनच्या (क्लोरीन असलेल्या सिलेनच्या) वाटेला प्रयोगशाळेबाहेर जाऊ नका. ओलावा लागताच त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.

सपाट केलेल्या वाळूवर चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब टाका. ५ सेकंदांच्या आत मुरले तर प्रक्रिया लागलीच नाही. ६० सेकंदांच्या पुढे टिकले तर चांगली लागली, आणि तासाभरानंतरही थेंब तसेच असतील तर फारच उत्तम. मात्र थेंब किती वेळ टिकला, एवढंच यातून कळतं. दाब कळायला नळीच लागते.

पारदर्शक नळीच्या तळाला बारीक जाळी बसवा. आतल्या भिंतीला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवून प्रक्रिया केलेलीच वाळू चिकटवा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका: गुळगुळीत भिंतीलगत पाण्याला चोरवाट मिळते आणि सगळे आकडे फसवे येतात. मग वाळूचा १० सेंटिमीटर थर थोडा थोडा घालून, ठोकून बसवा.

वर रंगीत पाणी हळूच ओता आणि उंची अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने वाढवत न्या, प्रत्येक वेळी काही मिनिटं थांबून. बराच वेळ काहीच होत नाही. मग एकदम एखाद्या जागी पाणी आत घुसतं. त्या क्षणाची उंची लिहून ठेवा, तोच प्रवेशदाब. छिद्राची त्रिज्या ०.१ मिलिमीटर आणि स्पर्शकोन (पाण्याची कड कणाच्या पृष्ठभागाशी पाण्याच्या आतून करते तो कोन) ११० अंश धरला, तर हिशोबाने तो सुमारे ५ सेंटिमीटर येतो. छिद्रं निम्मी बारीक असतील तर दुप्पट. कोन ९० अंशांच्या खाली असेल, तर वाळू स्वतःच पाणी ओढून घेते.

आता नळीच्या कडेने नीट पाहा. साध्या वाळूत ओलाव्याची रेघ बऱ्यापैकी सारखी उतरते, इथे मात्र रंग बोटांसारख्या धारांनी खाली जातो आणि मधली वाळू कोरडीच राहते. मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पाणी झिडकारणाऱ्या मातीच्या शेतात घातलेलं खत अशाच धारांतून मुळांना चुकवून खोल जाऊ शकतं.

पाण्याची उंची स्थिर ठेवा आणि खालून येणारा प्रवाह एकसारखा झाला की डार्सीच्या नियमाने पार्यता, म्हणजे थरातून पाणी किती सहज वाहतं ते, काढा: जमलेलं पाणी गुणिले थराची जाडी, भागिले नळीचं क्षेत्रफळ, वेळ आणि थराच्या वरच्या व खालच्या टोकांमधला जलशीर्षाचा (पाण्याच्या दाबाची उंची अधिक त्या जागेची उंची) फरक. साध्या वाळूपेक्षा आकडा कमी आला तर मुख्य कारण अडकलेली हवा; वाळूच्या कणांमधली जागा जवळपास तेवढीच असते. थर भिजत जाईल तसा हा आकडा वाढूही शकतो, म्हणून एकाच वाचनावर थांबू नका.

शेवटी उलटा प्रयोग करून बघा, पाणी खाली आणि प्रक्रिया केलेली वाळू वर. ओल्या साध्या वाळूवर प्रक्रिया केलेल्या वाळूचा दोनेक सेंटिमीटर थर द्या, शेजारी साध्या वाळूचीच दुसरी नळी ठेवा आणि दोन्ही रोज तोला. थरातून पाणी केशाकर्षणाने वर चढत नाही, फक्त वाफ निसटते, त्यामुळे पहिलीचं वजन सावकाश घटतं.