स्प्रिंट संपला, पण पट्टी निघाली का? अजाइल शिकताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरात आमची सहा जणांची टीम आहे. दरवर्षी लातूर, परभणी, बीडकडची नवी मुलं-मुली कॉलेज संपवून येतात. कोड लिहायला ती कच्ची नसतात. अजाइल पद्धतीने, म्हणजे सॉफ्टवेअर लहान लहान टप्प्यांत करून दाखवत, कामाचं नियोजन करायला बसली की मात्र दरवर्षी त्याच त्या चुका होतात. मागच्या आठवड्यात एका नव्या टीमचा बोर्ड, म्हणजे कामांच्या चिठ्ठ्या लावायचा फळा, पाहिला. पहिल्या स्प्रिंटमध्ये (ठरावीक मुदतीच्या टप्प्यात) डेटाबेस, दुसऱ्यात एपीआय (डेटाबेस आणि स्क्रीन जोडणारा मधला कोड), तिसऱ्यात स्क्रीन, शेवटी टेस्टिंग. तो बोर्ड पाहिल्यापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

काम आडवं कापू नका

काही वर्षांपूर्वी लातूरच्या एका आडत दुकानाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आम्ही करायला घेतलं. शेतकरी सोयाबीन आणतो, सौदा होतो, माप होतं, हमाली-तोलाई वजा होते आणि त्याच्या हातात पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, पडते. एवढं संगणकावर आणायचं होतं. काम जुलैच्या सुरुवातीला धरलं. दसऱ्याच्या सुमाराला नवं सोयाबीन बाजारात येतं, त्याआधी ते चालू व्हायला हवं होतं. दोन आठवड्यांचे सहा स्प्रिंट आखले. पहिल्या दोनांत डेटाबेसची टेबलं, पुढच्या दोनांत एपीआय, उरलेल्या दोनांत स्क्रीन. दर दुसऱ्या शुक्रवारी आम्हीच आमचा रिव्ह्यू घ्यायचो आणि चिठ्ठ्या 'झालं'च्या रकान्यात सरकवायचो. असं एकेक थर वेगळा करून काम आडवं कापलेली ही आखणी माझीच होती.

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही लातूरला गेलो. दुकानाच्या मुनीमजींनी त्या दिवशी स्क्रीन पहिल्यांदा पाहिली. मिनिटभर पाहून ते म्हणाले, "ताई, ह्याच्यात एका पट्टीला एकच भाव हाय. आमच्याकडं एका शेतकऱ्याचे तीन-तीन ढीग येतेत. वाळलेला येगळा, वलसर येगळा, मातेऱ्याचा येगळा. तिन्हीचा भाव येगळा निघतो." मग त्यांनी विचारलं, "अन् उचल कुठं वजा केली?"

शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी आडत्याकडून उचल घेतलेली असते आणि ती पट्टीतून कापली जाते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. एक पट्टी म्हणजे एक भाव, असं धरून टेबलं केली होती. त्या टेबलांवर एपीआय उभी होती आणि एपीआयवर स्क्रीन. सगळं मुळापासून उसवावं लागलं. आवक वाढली, दुकानासमोर ट्रॅक्टरांची रांग लागली आणि मुनीमजींनी तो अख्खा हंगाम हातानेच पट्ट्या लिहिल्या. मालक आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत, याचंच मला जास्त लागलं.

मिनिटभरात कळणारी गोष्ट आम्हाला कळायला बारा आठवडे लागले. काम उभं कापलं असतं तर ती चौदाव्या दिवशी कळली असती. उभं म्हणजे असं: एक शेतकरी, एक ढीग, एक भाव आणि प्रिंटरमधून बाहेर आलेली एक पट्टी. लॉगिन नको, रंग नकोत, रिपोर्ट नकोत. पण टेबलापासून कागदापर्यंत सगळे थर थोडे थोडे आलेले हवेत. अमेरिकेत २००१ साली १७ जणांनी मिळून अजाइलचा जाहीरनामा लिहिला. चालणारं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप, असं त्याच्या १२ तत्त्वांपैकी एक सांगतं. ते मी पाठ केलेलं होतं, पण माझा बोर्ड मात्र भरलेली टेबलं मोजत होता.

तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठीला मी एकच प्रश्न विचारते: "हे झाल्यावर कुणाला काय दाखवशील?" उत्तर 'टेबल' असेल तर चिठ्ठी परत जाते. पहिल्या नियोजनाआधी एक पूर्ण दिवस ग्राहकाच्या दुकानात बसायचं, हेही मी कधी सोडत नाही. नव्या मुलांना तो दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. फोनवर विचारून घेऊ, असं ती म्हणतात. पण फोनवर मुनीमजी आपण विचारलं तेवढंच सांगतात. आणि काय विचारायचं हे दुकानात बसल्याशिवाय सुचत नाही.

'नव्वद टक्के झालंय' हे उत्तर घेऊ नका

सोमवारी नव्वद, बुधवारी नव्वद, शुक्रवारी पंचाण्णव. सांगणारा खोटं बोलत नसतो. बहुतेक वेळा तो अडकलेला असतो आणि तसं म्हणायची त्याला लाज वाटते. आपल्याकडे तोंडी परीक्षेत 'येत नाही' म्हटलं की मान खाली घालावी लागते. ती सवय नोकरीतही बरोबर येते. म्हणून सकाळच्या बैठकीत मी कुठे अडकले आहे ते मीच आधी सांगते. तासभर अडकलात तर शेजारच्याला हाक मारा, हा आमचा नियम आहे आणि हाक मारणाऱ्याला कुणी काही बोलत नाही. ही बैठक १५ मिनिटांची असते आणि काम करणाऱ्यांनी आपला दिवस आखण्यासाठी असते. सरांकडे किंवा मॅडमकडे तोंड करून हजेरी देण्यासाठी ती नाही. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन ठरावीक प्रश्न स्क्रम या अजाइल पद्धतीच्या नियमपुस्तिकेच्या, म्हणजे स्क्रम गाइडच्या, २०२० च्या आवृत्तीतून काढूनही टाकले आहेत.

'झालं' कशाला म्हणायचं ते आमच्याकडे भिंतीवर लिहिलेलं आहे. दुसऱ्याने कोड वाचला, टेस्ट चालल्या, टेस्ट सर्व्हरवर चढलं आणि दुकानात आहे तसल्याच जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापून पाहिलं. यातलं एक जरी राहिलं तरी ते 'नाही झालं'. मधला रकाना मी ठेवत नाही.

येळवस मोजा

सहा माणसं, दहा दिवस, म्हणजे साठ दिवसांचं काम, असा हिशेब करू नका. मागे डिसेंबरचा एक स्प्रिंट आम्ही असाच साठावर आखला होता. त्यात वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस, आली. चौघं लातूर-धाराशिवकडची. येळवशीला शेतात भज्जी-आंबील खायला ती जाणारच आणि जायलाच हवं. प्रत्येकी दोन दिवस धरले तर आठ गेले. नियोजन, रिव्ह्यू आणि रेट्रोत (स्प्रिंट संपल्यावर काय सुधारायचं ते ठरवायच्या बैठकीत) माणशी एक असे सहा गेले. जुन्या ग्राहकांच्या फोनवर एकाचा अर्धा वेळ, म्हणजे पाच. हातात उरले एकेचाळीस. पुण्या-मुंबईच्या कॅलेंडरात दिवाळी सापडते, येळवस सापडत नाही. महालक्ष्म्या बसतात त्या तीन दिवसांतही अर्धी टीम गावी असते. आता मी नियोजनाला कालनिर्णय समोर ठेवूनच बसते.

पॉइंटचे तास करू नका

कामाच्या आकाराचा अंदाज म्हणून टीम प्रत्येक कामाला आकडा देते, तो पॉइंट. हे काम त्या कामाच्या दुप्पट आहे का, एवढंच पॉइंट सांगतात. एका टीमचे पॉइंट दुसरीशी ताडून पाहणं निरर्थक आहे. पगारवाढ पॉइंटला जोडली की आज तीनचं असलेलं काम पुढच्या महिन्यात पाचचं होतं. स्टोरी पॉइंट हा शब्द स्क्रम गाइडमध्ये मुळात नाहीच. अंदाज करताना आपापल्या आकड्याचे पत्ते सगळ्यांनी एकदम उघडायचे असतात, म्हणजे मोठ्याचा आकडा बघून धाकटा आपला बदलत नाही. आमच्याकडे सगळे माझ्या पत्त्याकडे बघायचे, म्हणून मी पत्ता टाकणंच सोडलं. दोन आणि आठ असे आकडे निघाले तर मध्ये पाच धरून पुढे जाऊ नका. आठवाल्याला बोलू द्या. दुसऱ्यांना न दिसलेला खड्डा बहुधा त्यालाच दिसलेला असतो.

बाकीचं थोडक्यात. आधी भिंत आणि कागद, जिरा (कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) नंतर. रखडलेल्या कामात ऐन वेळी दोन नवी माणसं घालू नका, त्यांना शिकवण्यात जुन्यांचे दिवस जातात. एआयकडून चाळीस स्टोऱ्या (ग्राहकाला काय हवं ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या) लिहून घेऊन मला दाखवू नका. त्यांत उचल कधीच नसते. दोन दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र मिळवा, हरकत नाही, पण त्यानंतर निदान चार स्प्रिंट कुणाच्या तरी हाताखाली काढा. पहिल्याच महिन्यात स्क्रम मास्टर (टीमला स्क्रम नीट पाळायला मदत करणारा) म्हणून मिरवायची घाई मला पटत नाही.

आणि रेट्रो टाळू नका. काम तुंबलं की पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. आमच्या रेट्रोत वीस तक्रारी निघाल्या तरी सुधारणा एकच निवडतो. नाव आणि तारीख घालून ती पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर सगळ्यात वर लावतो. लातूरच्या त्या हंगामानंतर लावलेली चिठ्ठी अशी होती: 'दर दुसऱ्या शुक्रवारी दुपारी चारला मुनीमजींना नवी पट्टी दाखवायची.' खाली माझं नाव होतं. पुढच्या दसऱ्यापर्यंत ती चिठ्ठी बोर्डावर होती आणि त्या हंगामात दुकानातली पहिली पट्टी प्रिंटरवर निघाली, तीन ढिगांची, उचल वजा करून.