बोअरच्या पाण्यावर छोटी ब्रुअरी कशी धुवायची

मराठवाड्यात ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, धुताना पहिली अडचण पाण्याची. काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी जड असतं आणि उन्हाळ्यात ते टँकरने आणावं लागतं. म्हणून धुण्याचा क्रम असा लावायचा की प्रत्येक लिटर दोनदा कामाला येईल. खाली दिलेली मापं ५०० लिटरच्या संचाची आहेत.

वोर्ट (बिअर होण्याआधीचा धान्याचा गोड रस) थंड करताना प्लेट हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे पत्र्यांच्या थरांतून रसाची उष्णता पाण्याला देणाऱ्या यंत्रातून, जवळपास वोर्टइतकंच किंवा थोडं जास्त पाणी ६५ ते ७५ अंशांवर बाहेर पडतं. ते गटारात सोडणं म्हणजे गॅस आणि पाणी दोन्ही फेकणं. इन्सुलेटेड टाकीत धरा. कॉस्टिकसाठी (धुण्याचा कॉस्टिक सोडा) फुकटचं गरम पाणी मिळतं, उरलेलं पुढच्या मॅशला, म्हणजे धान्य भिजवायला, चालतं.

मॅश टनमधला (धान्य भिजवायच्या भांड्यातला) चोथा कोमट असतानाच काढा, गुरांसाठी न्यायला येणाऱ्याची वाट पाहत भांड्यात ठेवू नका. तळाची जाळी उचलून खालून पाण्याची धार मारली की अर्धं काम झालं. इथे प्रत्येक बॅचला कॉस्टिक लागत नाही.

खरा जीव खातं ते केटल, म्हणजे वोर्ट उकळायचं भांडं. हॉप्सची राळ आणि प्रथिनं तापलेल्या पत्र्यावर करपतात, दुधाचं पातेलं खाली लागतं तशीच. वोर्ट उपसताना पातळी जॅकेटच्या (भांड्याभोवतीच्या वाफेच्या कवचाच्या) खाली गेली की वाफ बंद करा, रिकाम्या भिंती तापवू नका. मग लगेच ३०-३० सेकंदांच्या तीन धारा मारा आणि प्रत्येक धारेनंतर तळ पूर्ण निथळू द्या. सलग दोन मिनिटं पाणी सोडलं तर ते तळाशी साचतं आणि घाण त्यातच फिरत राहते. तीन तुकड्यांत पाणी कमी लागतं आणि निघतं जास्त.

आता २ टक्क्यांचं १०० लिटर कॉस्टिक. २ किलो फ्लेक्स आधी २० लिटर गार पाण्यात थोडे थोडे टाकून विरघळवा. नेहमी पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. फ्लेक्स थेट गरम पाण्यात टाकले तर उकळी फुटून अंगावर येते. बादली जाड प्लास्टिकची घ्या. ॲल्युमिनियमची घेतली तर कॉस्टिक ती खातं आणि हायड्रोजन सुटतो. चष्मा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे हवेतच. अंगावर उडालं तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नका. कपडे काढून १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याखाली राहा, मग डॉक्टर. हे द्रावण उरलेल्या ८० लिटर गरम पाण्यात मिसळून ७५-८० अंशांवर स्प्रे बॉलमधून (टाकीत फवारा मारणारा भोकांचा गोळा) २५-३० मिनिटं फिरवा. तेच पुढे हीट एक्स्चेंजरमधून उलट्या दिशेने न्या, कारण हॉप्सचे तुकडे शिरण्याच्या तोंडाशी अडकतात.

पंप लहान असेल तर वेळ वाढवूनही उपयोग नाही. टाकीच्या घेराच्या दर मीटरला मिनिटाला सुमारे ३० लिटर प्रवाह लागतो. १ मीटर व्यासाच्या टाकीला म्हणजे जवळजवळ ९५ लिटर. त्याखाली भिंतीवर सलग पडदा धरत नाही आणि कोरडे पट्टे राहतात.

कॉस्टिक फेकायची घाई करू नका, मोजा. १० मिली नमुन्यात फिनॉल्फ्थेलिनचे (अल्कलीत गुलाबी होणारं रसायन) दोन थेंब टाका आणि गुलाबी रंग जाईपर्यंत १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड घाला. दर मिलीला ०.४ टक्के कॉस्टिक, म्हणजे ५ मिली लागले तर २ टक्के. अडीच मिलीच्या, म्हणजे १ टक्क्याच्या, खाली आलं, किंवा द्रावण काळपट आणि घट्ट झालं, की बदला.

धुतलेल्या पाण्यातलं कॉस्टिक गेलं का हे पाहायला काही जण हळदीचा कागद वापरतात. तो फसवतो: आपलं बोअरचं पाणीच अल्कली बाजूला झुकलेलं असलं तर स्वच्छ पाण्यातही लालसर होतो. शेवटच्या पाण्याचा पीएच नळाच्या पाण्याशी जुळवून पाहा. शेवटचं हे पाणी साठवा, पुढच्या बॅचची पहिली धार त्याचीच.

जड पाण्यात गरम कॉस्टिक फिरलं की कॅल्शियम खाली बसून पांढरं पूट चढतं. ते कॉस्टिकने जात नाही, उलट वाढतं. सॉफ्टनरचं पाणी वापरा आणि पूट दिसलं की कॉस्टिक पूर्ण धुऊन १ टक्का नायट्रिक-फॉस्फोरिक मिश्रण ५० ते ५५ अंशांवर २० मिनिटं फिरवा. आरओचं टाकाऊ पाणी धुण्यात वापरू नका, त्यात क्षार आणखी दाट असतात. ॲसिडजवळ ब्लीच येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. तारेची घासणीही नको, ३०४ स्टीलला तिथूनच गंज धरतो.

फर्मेंटरची, म्हणजे बिअर आंबवायच्या टाकीची, गोष्ट वेगळी. आत कार्बन डायऑक्साइड असताना कॉस्टिक सोडलं तर ते वायू शोषून निकामी होतं आणि बंद टाकी आत ओढली जाऊन चेपते. आधी मॅनवे (टाकीचं मोठं झाकण) उघडून वायू जाऊ द्या, आत डोकं घालू नका. धुतल्यावर जंतू मारायला १५ टक्क्यांचं पेरॲसिटिक ॲसिड १०० लिटर गार पाण्याला सुमारे ११५ मिली, म्हणजे २०० पीपीएम.

शेवटी स्प्रे बॉल काढून उजेडाकडे धरा. बंद भोकं खराट्याच्या काडीने मोकळी करा. तारेने भोक मोठं होतं आणि धार तिथूनच जास्त वाहून बाकीची भिंत कोरडी राहते.