साबणाची वडी आधी, कॅमेरा नंतर : हवाई फोटोसाठी ड्रोन घरी बांधताना

ड्रोनवरून काढलेला व्हिडिओ जेलीसारखा थरथरत असेल, विजेचा सरळ खांब त्यात सापासारखा वळवळत असेल, तर नवा महाग कॅमेरा आणून काही फरक पडत नाही. ही थरथर पंख्यांतून, मोटरच्या दांड्यातून नाहीतर सैल राहिलेल्या एखाद्या स्क्रूमधून येते. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकेक ओळ करून वाचतो. तेवढ्या वेळात ड्रोन दोन-चारदा हादरला, की प्रत्येक ओळ थोडी सरकून उमटते. म्हणून पहिला ड्रोन बांधणाऱ्याला मी एकच गोष्ट परत परत सांगतो : आधी शांत उडणारं यंत्र तयार करा, कॅमेरा सगळ्यात शेवटी चढवा. तोवर त्याच्या जागी साबणाची वडी बांधा. ती कशासाठी, ते पुढे येईलच.

सुरुवातीला एफ४५० जातीची चार हातांची फ्रेम घ्या. समोरासमोरच्या दोन मोटरमधलं अंतर ४५० मिलिमीटर, वजन साधारण २८० ग्रॅम. हात प्लॅस्टिकचे असतात, आपटून मोडला तर तेवढाच सुटा मिळतो. खालची पाटी हाच वीज वाटणारा बोर्ड असतो, त्यामुळे वायरींचा गुंता निम्म्यावर येतो. कार्बन फायबरची फ्रेम दिसायला देखणी, पण पहिल्या ड्रोनला ती नको. कार्बन फायबर वीज वाहून नेतो, आणि त्यावर सोलवटलेली एखादी वायर टेकली तरी शॉर्ट होतं.

वजनाचा हिशेब

दुकानात जाण्याआधी कागद-पेन घ्या. फ्रेम २८० ग्रॅम, चार मोटर २२०, चार ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे छोटे बोर्ड) १००, पंखे ५०, फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू), जीपीएस आणि रिसीव्हर (रिमोटचे इशारे पकडणारा) मिळून १००, बॅटरी ४००, वायरी आणि स्क्रू ६०. ही बेरीज १२१० ग्रॅम झाली. त्यावर दोन अक्षांचा गिंबल (ड्रोन कलला तरी कॅमेरा सरळ धरणारी चौकट) आणि छोटा ॲक्शन कॅमेरा मिळून २९० धरा. एकूण दीड किलो.

चारही मोटरनी मिळून याच्या दुप्पट, म्हणजे किमान तीन किलो उचलायला हवं. दुप्पट कशासाठी? ड्रोन अर्ध्या ताकदीवर तरंगला, तरच वाऱ्याचा झोत आल्यावर सावरायला त्याच्याकडे काही शिल्लक राहतं. २२१२ आकाराची ९२० केव्हीची मोटर, १०४५ चा पंखा आणि तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ही जोडी प्रत्येक मोटरमागे साधारण ७५० ते ८५० ग्रॅम उचलते. मोटर घेताना विक्रेत्याकडून तिचा थ्रस्टचा, म्हणजे उचलण्याच्या ताकदीचा, तक्ता मागून घ्या आणि नेमका आकडा बघा. केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे. ९२० ला तीन सेलच्या ११.१ व्होल्टने गुणलं, की पंखा नसताना सुमारे दहा हजार फेरे येतात. १०४५ म्हणजे १० इंच व्यास आणि ४.५ इंच पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर). मोठा पंखा सावकाश फिरवणारी मोटर फोटोसाठी चांगली. शर्यतीच्या ड्रोनवरच्या २००० केव्हीच्या वरच्या मोटर इथे कामाच्या नाहीत.

ईएससी ३० अँपिअरचे, बॅटरी ५२०० एमएएच, प्लग एक्सटी६०. फ्लाइट कंट्रोलर पिक्सहॉक जातीचा घ्या. त्यावर आर्डूपायलट हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर चालतं आणि जगभरच्या लोकांनी ते वर्षानुवर्षं घासूनपुसून घेतलंय. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहे, पुणेकरांना तपकीर गल्ली. सोल्डर, वायर, हीट श्रिंक, मल्टिमीटर तिथूनच घ्या, हातात घेऊन बघता येतं. पैसे वाचवायचे तर कुठेही वाचवा, पण चार्जरमध्ये नको. बॅलन्स चार्जर (बॅटरीचे सगळे सेल सारखे भरणारा) चांगलाच हवा.

टेबलावरचं काम

मोटर आधी हातांवर बसवा. स्क्रू किती लांब आहे ते आधी मोजा. लांब स्क्रू मोटरच्या आतल्या तांब्याच्या वेटोळ्याला टोचला, तर मोटर पहिल्याच उड्डाणात जळते. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. प्लॅस्टिकच्या हातावर मात्र तो सांडू देऊ नका, प्लॅस्टिक त्याने तडकतं.

सोल्डरिंगला घाई नको. जाड वायरींना साधं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ६० वॉटचं घ्या. बोर्डावर आधी थोडं सोल्डर भरा, वायरीच्या टोकालाही भरा, मग दोन्ही एकत्र तापवा. थंड झाल्यावर डाग चकचकीत दिसला पाहिजे. राखाडी, दाणेदार दिसला तर परत तापवा. मग हाताने जोरात ओढून बघा. जो डाग हातात सुटतो, तो हवेतही सुटला असता.

आता बॅटरी पहिल्यांदा जोडायची वेळ. इथे खूप जणांचे पैसे जळतात. गाडीच्या टेललाइटचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब घ्या आणि बॅटरीच्या लाल वायरीत, मध्येच, एकसर जोडा. पंखे अजून बसवायचेच नाहीत. प्लग लावा आणि बल्बकडे बघा. क्षणभर चमकून विझला किंवा मंद झाला, तर सगळं ठीक आहे. ईएससीमधले कपॅसिटर तेवढ्यात भरून घेतात. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच प्लग काढा. बल्बने वीज रोखून धरल्यामुळे काही जळलेलं नसतं, शांतपणे दोष शोधता येतो. हा दहा-वीस रुपयांचा बल्ब माझ्या पेटीत कायम असतो.

मोटरच्या दिशा तपासताना गोंधळ होतो, म्हणून सावकाश वाचा. आर्डूपायलटमध्ये क्रमांक १ म्हणजे पुढची उजवी मोटर, २ मागची डावी, ३ पुढची डावी, ४ मागची उजवी. १ आणि २ घड्याळाच्या उलट फिरतात, ३ आणि ४ घड्याळाप्रमाणे. मिशन प्लॅनर या प्रोग्रॅममध्ये एकेक मोटर फिरवून बघायची सोय आहे. मोटरला कागदाचा छोटा तुकडा चिकटवा, दिशा लगेच कळते. उलटी फिरत असेल तर तिच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा.

जीपीएसच्या डबीत होकायंत्रही असतं. ती छोट्या दांडीवर, बॅटरीच्या वायरींपासून जितकी उंच ठेवता येईल तितकी ठेवा. जाड वायरीतून वीस अँपिअर वाहायला लागले, की तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र होकायंत्राला चकवतं. माझ्या पहिल्या ड्रोनवर ही डबी थेट पाटीवर चिकटवलेली होती. जागेवर थांबायचं सोडून तो गोल गोल फिरायला लागला, घेर वाढत गेला आणि शेवटी बांधावरच्या बाभळीत घुसला. दांडी लावल्यावर तोच ड्रोन, तेच सॉफ्टवेअर, जागचा हलेना.

कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक भागाचं माप जुळवणं, या क्रमाने करा : ॲक्सिलरोमीटर (कल ओळखणारा सेन्सर; ड्रोन सहा बाजूंनी ठेवून), होकायंत्र, रिमोट, ईएससी. होकायंत्राचं काम मोकळ्या जागेत करा, खिशातला मोबाइल आणि शेजारची मोटारसायकल लांब ठेवा.

पंखा तोलणं

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि फोटोवर सगळ्यात जास्त परिणाम याचाच. तोलणीच्या दांडीवर पंखा अडकवा आणि आडवा धरून सोडून द्या. जड पातं हळूहळू खाली जातं. हलक्या पात्याच्या पाठीवर, टोकाजवळ, नखाएवढा सेलोटेपचा तुकडा लावा. परत सोडा. अजून कलतोय? आणखी अर्धा तुकडा. पंखा कुठल्याही कोनात सोडला तरी तिथेच थांबला, की झालं. मग तोच पंखा उभा धरून बघा. मधलं बोंडही एका बाजूला जड असू शकतं. एका पंख्याला दहा मिनिटं लागतात, चारांना चाळीस. कडेला बारीक चीर गेलेला पंखा तोलत बसू नका, टाकून द्या.

नियम

भारतात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. आपला दीड किलोचा ड्रोन २५० ग्रॅम ते २ किलोच्या मायक्रो गटात येतो. त्याची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो, तृतीय पक्ष विमाही लागतो. हौसेसाठी, पैसे न घेता उडवणाऱ्याला या गटात रिमोट पायलट सर्टिफिकेटची सक्ती नाही. लग्नाच्या शूटिंगचे पैसे घ्यायचे असतील तर ते सर्टिफिकेट हवं, आणि ड्रोनही टाईप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता) असलेला हवा. घरी बांधलेला ड्रोन तिथे चालत नाही.

सरकारी ड्रोन नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. पुण्यात लोहगाव आणि मुंबईत सांताक्रूझ विमानतळामुळे शहराचा मोठा भाग लाल-पिवळ्यात, म्हणजे परवानगीशिवाय उडवता न येणाऱ्या क्षेत्रात, जातो. नकाशा बदलत असतो, म्हणून उडवायच्या दिवशी सरकारी नकाशा उघडाच. पोलिसांचे तात्पुरते बंदी आदेशही असतात. गडावर न्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. रायगडासारखे गड संरक्षित स्मारकं आहेत, तिथे परवानगीशिवाय पेटी उघडू नका.

पहिलं उड्डाण

ज्वारी काढून झालेलं शेत मिळालं तर उत्तम. सकाळी सात ते आठ ही वेळ घ्या. वारा पडलेला असतो आणि घारी अजून वर चढलेल्या नसतात. घार ड्रोनवर खरंच झेप घेते.

आता साबण. १२५ ग्रॅमच्या दोन वड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, गिंबल जिथे बसणार तिथे झिप टायने घट्ट बांधा. वजन जवळपास तेवढंच होतं. मग फ्रेमच्या मध्याखाली दोन बोटं धरून ड्रोन उचला. पुढे-मागे कलत असेल तर बॅटरी सरकवून तोल साधा. ड्रोन आपटला तर वीस-तीस हजारांचा कॅमेरा जाण्याऐवजी साबणाला पोचा पडेल.

दहाच्या वर उपग्रह मिळेपर्यंत थांबा. संपर्क तुटला की ड्रोन ज्या उंचीवरून आपोआप परत येतो, ती घरी परतण्याची उंची आधीच तपासा : आर्डूपायलटमध्ये ती मुळात १५ मीटर ठेवलेली असते, आणि कोकणातला माड त्याहून सहज उंच असतो. आसपासच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा दहा मीटर जास्त ठेवा. रिमोट बंद पडला तर ड्रोन काय करेल, हे पंखे काढून टेबलावर एकदा बघून घ्या.

पहिल्या खेपेला दोन मीटर वर न्या, एक मिनिट तरंगू द्या, उतरवा. दुसऱ्या खेपेला पाच मिनिटं. बॅटरीची ८० टक्के वीज वापरायची असं धरलं तर दहा ते तेरा मिनिटं मिळतात, सेल ३.५ व्होल्टवर आला की उतरवाच.

घरी येऊन उड्डाणाचा लॉग (ड्रोनने स्वतः ठेवलेली नोंद) उघडा आणि व्हाइब नावाचा थरथरीचा आलेख बघा. तिन्ही रेषा ३० च्या खाली असतील तर चालेल, १५ च्या खाली असतील तर फार छान. ६० ओलांडत असतील तर परत पंखे, मोटरचे दांडे, स्क्रू. गिंबलकडून इथे आशा ठेवू नका. तो ड्रोनचं सावकाश कलणं सावरतो. बारीक थरथर अडवायची ती त्याच्या रबरी गोळ्यांनी, आणि त्यांनाही मर्यादा आहे.

रेषा खाली आल्या, की साबण सोडा आणि कॅमेरा चढवा. व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रांचा घेणार असाल तर शटर १/५० च्या आसपास ठेवा. उन्हात ते जमण्यासाठी भिंगावर काळसर एनडी फिल्टर लागेल. शटर सावकाश असलं की उरलेली थरथरही कमी दिसते. स्थिर फोटोला उलटं, शटर वेगात.

उतरल्यावर लगेच, पंखे पूर्ण थांबले आणि बॅटरी काढली, की चारही मोटरना बोट लावा. कोमट असल्या तर ठीक. एखादीच चटका देत असेल तर तिचा दांडा वाकलाय किंवा बेअरिंग गेलंय, त्या दिवशी परत उडवू नका. आणि बॅटरी लगेच वापरायची नसेल तर त्याच संध्याकाळी दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून, फरशीवर, पडदे-कपड्यांपासून लांब ठेवा.